ठिणगीच्या उजेडात

मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकवणारा ऑस्बर्न रेनल्ड्स १८८० च्या आसपास पाण्यावर एक साधा प्रयोग करत होता. पाण्याने भरलेली मोठी टाकी, तिच्यात आडवी बसवलेली काचेची नळी आणि नळीच्या तोंडाशी सोडलेली रंगाची बारीक धार, एवढेच त्याचे साहित्य. पाणी सावकाश वाहू दिले की रंगाची रेघ नळीभर सुतासारखी सरळ जाई. तोटी आणखी उघडत गेले की एका ठरावीक वेगाशी ती रेघ अचानक विस्कटे आणि तिथून पुढचे सगळे पाणी रंगीत होऊन जाई.

हा प्रयोग आज अभियांत्रिकीच्या प्रत्येक पुस्तकात असतो. त्यातली एक गोष्ट मात्र बहुतेक पुस्तके गाळतात. रेनल्ड्सने त्या रंगीत पाण्याकडे विजेच्या ठिणगीच्या उजेडातही पाहिले होते. ठिणगी इतकी झटकन विझते की तेवढ्यात पाण्याला हलायला फुरसत मिळत नाही. एरवी डोळ्यांना जो नुसता गढूळपणा दिसत होता, त्यात ठिणगीने वेगवेगळे ओळखू येतील असे भोवरे दाखवले. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने हे भोवरे चित्रांसह मांडले.

वाहत्या पदार्थाच्या या पिसाट, एकदा घडले तसे पुन्हा न घडणाऱ्या हालचालीला शास्त्रीय मराठीत संक्षोभ म्हणतात. रेनल्ड्सला पाण्यातला संक्षोभ पाहायला साधी ठिणगी पुरली. पुढे सूर्याइतक्या तापलेल्या, डोळ्याचे पाते लवण्याच्या कोट्यंश काळात विरून जाणाऱ्या पदार्थात हेच भोवरे शोधायची वेळ आली, तेव्हा तितकीच झटपट विझणारी ठिणगी घडवावी लागली. ते भोवरे दिसेपर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षे गेली, आणि त्या वाटेवरचा एक महत्त्वाचा मुक्काम मुंबईत, कुलाब्याच्या टोकाला आहे.

*

भोवरे दिसले तरी ते मोजायचे कसे, हा प्रश्न उरतोच. पावसाळ्यात पुलाच्या खांबामागे घोंघावणारे पाणी तासभर पाहत बसले तरी एकही भोवरा दुसऱ्यासारखा निघत नाही. यातून वाट काढली ती मॉस्कोचा गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव्ह याने, १९४१ साली. प्रत्येक भोवऱ्याच्या मागे धावायचे सोडून त्याने सगळ्यांचा मिळून जमाखर्च मांडला. मोठा भोवरा फुटून त्याचे लहान भोवरे होतात, लहानांचे आणखी लहान. मोठी नोट मोडावी, हाती आलेल्या नोटांचे सुटे करावे आणि अखेर सुटे पैसेही खर्चून जावेत, तशी ऊर्जा वरून खाली उतरत जाते आणि तळाशी उष्णता होऊन संपते. मधल्या टप्प्यात कोणत्या आकाराच्या भोवऱ्यांकडे किती ऊर्जा असेल, हे पदार्थ कोणता आहे यावर अवलंबून नसते. आलेखावर त्याची सरळ उतरती रेघ येते आणि तिचा उतार असतो उणे पाच तृतीयांश.

या कल्पनेने मापनाचा अर्थच बदलला. भोवरे पुन्हा तेच येत नाहीत, पण त्यांचा हिशेब पुन्हा तोच येतो. हवेतला हा हिशेब तपासण्याचे साधनही तोवर तयार होते. विजेने तापवलेली केसासारखी बारीक तार झोतात धरायची. वारा वाढला की ती निवते, ओसरला की तापते, आणि त्याबरोबर तिच्यातला विद्युतप्रवाह बदलतो. केंब्रिजच्या जी. आय. टेलरने झोतापुढे जाळी बसवून मोजता येईल असा शिस्तीतला संक्षोभ निर्माण करण्याची रीत रुळवली. जाळी भोवरे घडवणार आणि तार त्यांची नोंद घेणार. ही जोडी पुढे फार वेगळ्या ठिकाणी परत भेटणार होती.

विश्वातला बहुतेक दृश्य पदार्थ मात्र पाणीही नाही आणि हवाही नाही. तो प्लाझ्मा आहे, म्हणजे इतका तापलेला वायू की अणूंतले इलेक्ट्रॉन सुटून मोकळे फिरतात. सूर्य, तारे, ताऱ्यांमधल्या पोकळीतला विरळ पदार्थ, सगळे यातच मोडते. विद्युतभार मोकळे असल्यामुळे प्लाझ्मा हलला की प्रवाह वाहतात, प्रवाहांमुळे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते क्षेत्र पुन्हा प्लाझ्मालाच ओढते, ढकलते. पाण्यात नुसते भोवरे असतात. इथे भोवऱ्यांबरोबर चुंबकीय क्षेत्राचाही गुंता होतो. त्यात तार धरायची सोय नाही, ती वितळण्याआधी वाफ होऊन जाईल.

*

१९६० च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात थिओडोर मेमनने पहिला लेसर चालवला. त्याचा झोत एका बिंदूवर गोळा करून घन पदार्थावर टाकला की तिथे प्लाझ्मा उसळतो, हे लवकरच ध्यानात आले. १९७१ साली वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत जॉन स्टॅम्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्लाझ्माच्या आसपास तारेची इवली वेटोळी धरली. जवळपास एकही चुंबक नसताना त्या वेटोळ्यांनी हजार गॉसच्या घरातले क्षेत्र दाखवले. पृथ्वीचे क्षेत्र साधारण अर्ध्या गॉसचे असते.

हे क्षेत्र आले कुठून, याचे उत्तर वीस वर्षे आधीच ताऱ्यांच्या अभ्यासात लिहून ठेवलेले होते. प्लाझ्माचे तापमान एका दिशेने चढत असेल आणि घनता दुसऱ्याच दिशेने, तर इलेक्ट्रॉन गोल फिरू लागतात आणि आपोआप चुंबकीय क्षेत्र जन्माला येते, असे लुडविग बीअरमान याने १९५० साली दाखवले होते. ताऱ्यांसाठी सुचलेली कल्पना प्रयोगशाळेतल्या ठिपक्यात खरी ठरली.

वेटोळ्यांची अडचण अशी, की त्यांना आगीपासून दूर उभे राहावे लागते. खरे रण जिथे माजलेले असते तिथे त्यांची पोच नाही. मग स्टॅम्पर आणि बॅरेट रिपिन यांनी १९७५ साली वस्तूऐवजी प्रकाशच आत पाठवला. ही युक्ती मायकेल फॅरडेची. १३ सप्टेंबर १८४५ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला आढळले होते, की शिसेयुक्त जड काचेतून जाणारा ध्रुवित प्रकाश चुंबकाच्या प्रभावाखाली वळतो. त्याच्या लहरी ज्या प्रतलात डुलतात ते प्रतल फिरते. कोन मोजला की क्षेत्राचा अंदाज येतो. प्रकाश वितळत नाही, त्याची वाफ होत नाही आणि आत जाऊन बाहेर येईपर्यंत तो आतली खबर घेऊन येतो. त्याने आणलेली खबर थक्क करणारी होती. ठिपक्याच्या जवळचे क्षेत्र दहा लाख गॉसच्या घरात होते.

तरीही हा प्रकाश अजून संथ होता. त्या काळच्या लेसरांतून निघणाऱ्या प्रकाशाच्या तुकड्यांच्या, म्हणजे स्पंदांच्या, कालावधीत प्लाझ्मा बराच हलून जाई, आणि भोवरे असलेच तर ते एकमेकांत मिसळून सरासरी तेवढी हाती लागे. ठिणगीआधी रेनल्ड्सच्या डोळ्यांना दिसला तोच हा गढूळपणा.

*

चपळ ठिणगी आली १९८५ साली, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये. लेसरचा आखूड स्पंद थेट वाढवत नेला तर तो वर्धकाच्या काचेलाच जाळतो. जेरार मुरू आणि त्यांची विद्यार्थिनी डोना स्ट्रिकलंड यांनी तो आधी वेळेत लांबवला, लांबलेला असताना वाढवला आणि शेवटी पुन्हा आवळला. २०१८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळवून देणाऱ्या या युक्तीमुळे, ज्या शक्तीच्या लेसरला आधी अवाढव्य इमारत लागत असे, ती मेजावर मावू लागली. स्पंदाची लांबी फेम्टोसेकंदांवर आली. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग.

पुढच्या दशकात प्लाझ्मातल्या क्षेत्राच्या मोजणीला एक व्यावहारिक निकडही आली. लेसरने इंधनाची गोळी दाबून अणुकेंद्रांचे संमीलन घडवायचे स्वप्न जुने होते. १९९४ साली अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या मॅक्स टबाक आणि सहकाऱ्यांनी त्यात एक नवी वाट सुचवली. गोळी आधी दाबून घ्यावी आणि मग दुसऱ्या, अतिशय आखूड स्पंदाने इलेक्ट्रॉनांचा जोरदार झोत आत सोडून तिला काडी लावावी. कागदावर हे सुरेख होते. पण एवढे इलेक्ट्रॉन आत निघाले की प्लाझ्मा समतोल राखायला तितकाच प्रवाह उलट दिशेने सोडतो. एकाच अरुंद गल्लीतून दोन लोंढे समोरासमोर आले की रेटारेटी व्हायचीच. झोत फाटतो, त्याचे धागे होतात आणि चुंबकीय गुंता वाढतो. इलेक्ट्रॉन गाभ्यापर्यंत पोचणार की वाटेतच अडकणार, हे त्या गुंत्यावर ठरणार होते.

कुलाब्याचा मुक्काम येतो तो इथे. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था १९६२ पासून कुलाब्याच्या समुद्रकाठच्या इमारतीत आहे. तिथे जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने असा मेजावरचा लेसर उभा केला होता. सिद्धान्ताची बाजू सांभाळायला गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतले सुदीप सेनगुप्ता, अमिता दास आणि संस्थेचे संस्थापक संचालक प्रेधिमन कृष्ण कौ होते. काश्मीरमध्ये जन्मलेल्या कौ यांनी अठराव्या वर्षी दिल्लीच्या आयआयटीतून डॉक्टरेट मिळवली होती, आणि लेसर व प्लाझ्मा यांच्या झटापटीवरचे त्यांचे काम प्रिन्स्टनमधल्या दिवसांपासूनचे.

मुंबई आणि गांधीनगर यांच्या या जोडीने २००२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद घन लक्ष्यावर टाकला असता २ कोटी ७० लाख गॉसचे क्षेत्र उसळले होते, पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे पाच कोटी पट. ते टिकले अवघे ६ पिकोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा दोन मिलिमीटर जात नाही.

इतका लहान काळ मोजेल असे घड्याळ नाही. तो अंतराने मोजतात. लेसरच्या एकाच स्पंदाचे दोन वाटे करायचे. मोठा वाटा लक्ष्यावर आदळून प्लाझ्मा बनवतो. लहान वाटा आरशांवरून थोडा वळसा घेऊन मागून येतो आणि तपासणी करतो. वळशातला आरसा एक मायक्रोमीटर मागे सरकवला की जाता-येता दोन मायक्रोमीटरची वाट वाढते आणि तपासनीस प्रकाश जवळपास सात फेम्टोसेकंद उशिरा पोचतो. आरसा सरकवत जायचे आणि दर वेळी प्रकाशाचे ध्रुवण किती बिघडले ते पाहायचे. क्षेत्र प्रकाशाच्या वाटेला आडवे असेल तर फॅरडेसारखे प्रतल वळत नाही, तर सरळ डुलणारी लहर लंबवर्तुळात फिरू लागते. एमे कॉतों आणि आंरी मूतों या फ्रेंच संशोधकांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होता.

त्या आकड्यांत एक गोष्ट खटकणारी होती. तापलेला प्लाझ्मा विजेचा उत्तम वाहक असतो. उलट दिशेने निघालेला प्रवाह त्यात बराच काळ टिकायला हवा होता, पण तो अपेक्षेपेक्षा फारच लवकर मावळत होता. वाहकात रोध कुठून आला? सुरळीत वाटेवर गाडी अडखळू लागली की वाट खडबडीत असल्याचा संशय येतो. इथे संशयित ठरत होता तो संक्षोभ. त्याला पकडायचे तर क्षेत्र किती आणि किती वेळ, एवढे विचारून भागणार नव्हते. ते कुठे किती, हे विचारायला हवे होते.

*

पुढच्या दहा वर्षांत कुलाब्यात हाच प्रश्न विचारायची तयारी झाली. लेसर अधिक प्रखर झाला. दर चौरस सेंटिमीटरवर आता एक अब्ज अब्ज वॅट पडत होते, आणि एवढ्या माऱ्यात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतात. तपासनीस प्रकाशाचा रंगही महत्त्वाचा असतो. लेसर असतो ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा लालसर-अवरक्त. त्यातून ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश तयार करता येतो. प्लाझ्मा एका मर्यादेपलीकडे दाट झाला की प्रकाश आरशासारखा परतवतो, पण तरंगलांबी निम्मी केली की ही मर्यादा चौपट होते. मूळ लेसर जिथून मागे फिरतो त्याच्याही आत जांभळा प्रकाश डोकावू शकतो, आणि स्फोटाचा लखलखाट गाळून बाजूला काढणेही सोपे जाते.

परतलेल्या प्रकाशाचा एकच आकडा न घेता आता कॅमेऱ्यावर पूर्ण चित्र घेतले गेले. प्रत्येक ठिकाणी ध्रुवण किती बदलले याचा तो मायक्रोमीटरपर्यंत बारीक नकाशा होता. २०१२ साली सुदीप्त मंडल आणि सहकाऱ्यांनी तो अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात मांडला. क्षेत्र गुळगुळीत नव्हते. ते वेडेवाकडे, ठिपक्याठिपक्यांचे आणि यादृच्छिक होते. नकाशावरून आकारांचा जमाखर्च काढला तेव्हा कोल्मोगोरोव्हच्या परंपरेतली घातनियमाची उतरती रेघ समोर आली, आणि बारीक मापांवर काही ठळक शिखरेही. चीनमधल्या सहकाऱ्यांसह केलेल्या संगणकी प्रतिकृतींत आत जाणारा तप्त झोत आणि उलट येणारा थंड प्रवाह यांच्या झटापटीतून तसेच क्षेत्र उभे राहिले. दाट, तप्त लेसर-प्लाझ्मातला चुंबकीय संक्षोभ पहिल्यांदा थेट दिसला होता.

या मापनात एक गंमत दडलेली आहे. प्रत्येक मारा लक्ष्यावरची ती जागा जाळून टाकतो, म्हणून पुढच्या माऱ्याआधी लक्ष्य सरकवून कोरी जागा पुढे आणावी लागते. म्हणजे दुसऱ्या पिकोसेकंदाचे चित्र एका प्लाझ्माचे आणि चौथ्याचे दुसऱ्याच. सगळी चित्रपट्टी निरनिराळ्या प्लाझ्मांच्या आयुष्यांतून एकेक क्षण घेऊन जुळवलेली. पहिल्या चित्रातला भोवरा पुढच्या चित्रात शोधणे व्यर्थ, कारण तो भोवरा तिथे जन्मलाच नव्हता. तरीही मापन टिकते, कारण मोजायचा असतो तो हिशेब, आणि तो प्रत्येक प्लाझ्मा तसाच मांडतो. १९४१ साली कागदावर सुचलेला विचार नसता तर कुलाब्याची चित्रे नुसते सुंदर डाग ठरली असती.

*

याच काळात मोठ्या लेसरांवर टेलरची जाळी परत आली. ऑक्सफर्डच्या जिआनलुका ग्रेगोरी यांच्या गटाला कॅसिओपिया-ए या फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषाचे कोडे होते. तिथल्या ढगातल्या काही जागांची चुंबकीय क्षेत्रे आघात तरंगाने दाबून होतील त्याहून कितीतरी जास्त आहेत. इंग्लंडच्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेतल्या व्हल्कन लेसरने त्यांनी आर्गॉन वायूत कार्बनची काडी फोडली आणि उसळलेल्या लाटेच्या वाटेत प्लास्टिकची जाळी ठेवली. काही सेंटिमीटरवर उभी होती १९७१ सालची जुनी ओळखीची वेटोळी. जाळी असताना क्षेत्र जास्त भरले. येना माइनेके आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २०१४ साली आला.

चार वर्षांनी रॉचेस्टरच्या ओमेगा लेसरवर पेट्रोस झेफेराकोस, ग्रेगोरी आणि मंडळींनी समोरासमोरच्या दोन चकत्यांवर मारा करून दोन झोत जाळ्यांतून एकमेकांवर आदळवले. मधोमध माजलेल्या संक्षोभाने बीअरमानने सांगितलेले इवले बीजक्षेत्र एक लाख गॉसच्या घरात नेले. विश्वाला आपली चुंबकीय क्षेत्रे अशाच घुसळणीतून मिळाली असावीत, हा जुना तर्क प्रयोगशाळेत उभा राहिलेला दिसला. तिथे क्षेत्र मोजायला प्रोटॉनांचा मारा होता आणि फॅरडेचा वळणारा प्रकाशही.

कुलाब्याच्या गटाचे पुढचे पाऊल २०१७ साली पडले. गौरव चॅटर्जी आणि सहकाऱ्यांनी संक्षोभाचा पाठलाग अधिक काळ केला. सुरुवातीला त्याला इलेक्ट्रॉन ढवळतात. हळूहळू सूत्रे जड आयनांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या, हाती जातात. स्थिरावलेल्या आलेखात एक ठळक वाक दिसला, जिथून उतार बदलतो. तसाच वाक अवकाशयानांना सूर्याकडून वाहत येणाऱ्या प्लाझ्मात, म्हणजे सूर्यवाऱ्यात, सापडलेला आहे. सूर्यवाऱ्यात मोजणीची रीत अगदी उलट असते. यान जवळपास स्थिर आणि वारा सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने त्याच्यावरून वाहून जातो. काळानुसार घेतलेल्या नोंदींतून अंतराचा हिशेब लावायचा. कुलाब्यात आरशाच्या अंतराने काळ मोजला जातो. एकीकडे कोट्यवधी किलोमीटरचा पसारा, दुसरीकडे केसाच्या जाडीइतका ठिपका, ढवळणारा हात दोन्हीकडे वेगळा, आणि हिशेबाच्या वहीत तोच वाक. मेजावरच्या प्रयोगात मोजता येणाऱ्या आकारांचा पल्ला लहान असतो, त्यामुळे या साम्यावर फार मोठा इमला चढवता येत नाही. पण संक्षोभाचे रूप तो कोणी माजवला यावर अवलंबून राहत नाही, या म्हणण्याला त्याने बळ दिले. त्याच वर्षी जूनमध्ये कौ यांचे निधन झाले.

ज्या संमीलनासाठी ही निकड निर्माण झाली, त्याने पुढे वेगळीच वाट धरली. ५ डिसेंबर २०२२ रोजी लिव्हरमोरमध्ये २.०५ मेगाजूल लेसर-ऊर्जेतून ३.१५ मेगाजूल बाहेर आले, तेही काडी न लावता, नुसत्या दाबाने. टबाक यांची वाट अजून चालून व्हायची आहे, आणि तिच्यावरचा खडबडीतपणा आता निदान नकाशावर आला आहे.

रेनल्ड्सला दोन गोष्टी वेगवेगळ्या जुळवाव्या लागत होत्या. एका हाताने तोटी उघडायची, मग नेमक्या वेळी ठिणगी पाडायची. कुलाब्याच्या मेजावर ही तारांबळ नाही. तिथे एकच ठिणगी दुभागून निघते. अर्धी पुढे जाऊन भोवरे उठवते आणि अर्धी आरशांवरून वळसा घालून, इवल्याशा अंतराने मागे राहून, ते पाहायला पोचते.